युरोपीय बीअरला गुण देताना नेमके काय मोजावे?

कोथरूडच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी बीअर करायला शिकावे या इच्छेने त्यांनी गेल्या आठ महिन्यांत तेवीस युरोपीय बीअर चाखल्या आणि प्रत्येकीला दहापैकी गुण दिले. बेल्जियमच्या कडक बीअरना आठ-नऊ, जर्मन आणि चेक लागरना (गार तापमानात आंबवलेल्या बीअरना) चार-पाच, इंग्लिश बिटरला तीन आणि लँबिकला, म्हणजे ब्रसेल्स परिसरातल्या आंबट बीअरला, अवघा एक, असे गुण त्यांच्या वहीत आहेत. हे गुण बरोबर आहेत का, आणि या वहीवरून पहिली बीअर कोणती करावी हे ठरवता येईल का, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

तुमच्या जिभेला जे आवडले ते आवडले. त्यात बरोबर-चूक असे काही नसते. अडचण वेगळीच आहे. एकाच आकड्यात तुम्ही तीन निरनिराळ्या गोष्टी मोजल्या आहेत: करणाऱ्याने जे करायचे ठरवले होते ते त्याला किती साधले, ती बाटली तुमच्यापर्यंत कोणत्या अवस्थेत पोहोचली, आणि ती तुम्हाला किती आवडली. नुसत्या पिणाऱ्याने या तिन्हींची सरमिसळ केली तरी चालते. करणाऱ्याला ते परवडत नाही, कारण उद्या त्याच्या स्वतःच्या पिंपात काही बिघडले, तर पाककृती चुकली, किण्वन (आंबवणे) चुकले की साठवण चुकली, हे त्याला बऱ्याचदा चवीवरूनच ओळखावे लागते. म्हणून तुमचा खरा प्रश्न, माझ्या मते, असा आहे की चाखलेल्या बीअरवरून ती कशी केली असेल याचा माग कसा काढावा.

आधी बाटलीच्या अवस्थेविषयी लिहितो, कारण तुमच्या वहीत सर्वांत मोठा गोंधळ तिथेच झाला असावा. मी पुण्यात परवाना असलेल्या मायक्रोब्रुअरीत बीअर करतो. २००९ मध्ये पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, त्यानंतर काही वर्षांनी मी या व्यवसायात आलो, आणि तोवर युरोपीय बीअरविषयीचे माझे सगळे ज्ञान दुकानातून आणलेल्या बाटल्यांवर उभे होते. चेक पिल्सनरमध्ये मला नेहमी मधासारखा गोडसर आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येई, आणि कित्येक वर्षे तोच त्या प्रकाराचा स्वभाव आहे असे मी समजत होतो. पुढे प्लझेन शहरात पिल्सनर उर्क्वेलच्या तळघरात, लाकडी पिंपातून थेट काढलेली, न गाळलेली बीअर प्यायला मिळाली. तिच्यात पुठ्ठाही नव्हता आणि मधही नव्हता. ताज्या पावाच्या कडेसारखा खमंग वास, त्यावर गवताची आणि फुलांची आठवण देणारे हॉप्स (बीअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वेलीची फुले), आणि शेवटी ठाम पण न बोचणारा कडवटपणा, असे तिचे खरे रूप होते. प्रवासात आलेल्या खुणा मी इतकी वर्षे शैलीच्या नावावर जमा करत आलो होतो.

बीअर शिळी होते ती मुख्यतः प्राणवायू आणि उष्णता यांच्यामुळे. तापमान दहा अंशांनी वाढले की शिळेपणाच्या अभिक्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट ते तिप्पट होतो. त्यामुळे जहाजावरचा कंटेनर, बंदरावरचे गोदाम आणि एप्रिल-मे महिन्यांत पुण्यातल्या दुकानातली उघडी फळी, हा सगळा प्रवास करून आलेली फिकट लागर आपल्या हाती येईपर्यंत बरीच म्हातारी झालेली असते. तिच्यात चवीचे मोजकेच धागे असतात, म्हणून त्यांतला एक विटला तरी तो लगेच जाणवतो. बेल्जियमच्या वेस्टमॅलच्या ट्रिपलसारखी साडेनऊ टक्के मद्यार्काची आणि बाटलीतच पुन्हा आंबवलेली बीअर हाच प्रवास पुष्कळ चांगला सोसते, कारण बाटलीतले जिवंत यीस्ट आत उरलेला प्राणवायू बऱ्याच अंशी शोषून घेते आणि मुळातच दाट असलेल्या चवीत थोडा जुनेपणा सामावून जातो. तुमच्या वहीतल्या चार आणि नऊ या आकड्यांमधले काही अंतर निश्चितच या प्रवासाचे आहे.

म्हणून बाटली घेताना तिच्यावरची भरल्याची तारीख किंवा मुदत पाहा, दुकानदाराने ती फ्रीजमध्ये ठेवली होती की उघड्यावर हे विचारा, आणि हिरव्या किंवा पांढऱ्या काचेपेक्षा तपकिरी काचेची बाटली पसंत करा. हॉप्समधल्या कडू घटकांवर प्रकाश पडला की गंधकयुक्त दुर्गंधी तयार होते आणि तपकिरी काच तो प्रकाश बराच अडवते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हेलेस (म्यूनिककडची फिकट, सौम्य लागर), पिल्स (म्हणजे पिल्सनर) आणि व्हीट (गव्हाची बीअर) हे नाजूक प्रकार आधी पुण्यातल्याच एखाद्या ब्रूपबमध्ये नळावरून ताजे चाखा आणि मगच आयात बाटलीकडे वळा. इथली बीअर म्यूनिकच्या बीअरची हुबेहूब प्रतिकृती असेलच असे नाही, पण ताजेपणा म्हणजे काय हे ती तुम्हाला शिकवील, आणि ते एकदा कळले की बाटलीतला शिळेपणा वेगळा काढून ठेवता येतो.

आता शैलीविषयी. एकच चव एका बीअरमध्ये गुण असते आणि दुसरीत दोष, हे मनात पक्के बसल्याशिवाय गुणांना अर्थ येत नाही. आपल्याकडच्या आमटीत गूळ हवाच असतो; तोच गोडवा पिठल्यात उतरला तर खाणारा ताटावरून मान वर करून पाहतो. लवंगेचा वास जर्मनीतल्या बव्हेरियाच्या व्हीट बीअरमध्ये नसेल तर काहीतरी हरवल्यासारखे वाटते, पण तोच वास हेलेसमध्ये आला तर पिंपात नको ते यीस्ट शिरले आहे असे मी समजतो. लोण्याचा अगदी पुसट वास चेक पिल्सनरमध्ये खपतो, जर्मन पिल्समध्ये तो किण्वन अर्धवट आवरल्याची खूण ठरतो. त्यामुळे नुसते ‘लोण्याचा वास आला’ एवढे लिहून भागत नाही. तो कुणाच्या ग्लासात आला हेही लिहावे लागते.

चेक आणि जर्मन पिल्सनरची ही जोडी शिकण्यासाठी फार चांगली आहे, म्हणून तिच्यावर थोडा वेळ घालवा. बव्हेरियाहून बोलावलेल्या योसेफ ग्रोल या ब्रुअरने ५ ऑक्टोबर १८४२ रोजी प्लझेनमध्ये नव्या पद्धतीच्या बीअरचा पहिला घाणा लावला. फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), जवळच्या झाटेत्स भागातले हॉप्स, बव्हेरियन पद्धतीचे थंडीत काम करणारे यीस्ट, आणि क्षार अतिशय कमी असलेले तिथले मृदू पाणी, हे सगळे तिथे एकत्र आले. मृदू पाण्यामुळे भरपूर हॉप्स घालूनही कडवटपणा टोचत नाही. त्याखेरीज तिथे मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या भरडलेल्या माल्टचा, काही भाग बाजूला काढून उकळून परत मुख्य भांड्यात ओततात, आणि हे तीन वेळा करतात. त्याने माल्टला पोळीच्या खरपूस डागासारखी चव येते. उत्तर जर्मनीची पिल्स याच कुळातली, पण अधिक कोरडी. तिचा कडवटपणा घोट गिळल्यावरही जिभेवर रेंगाळतो. या दोन्ही ग्लासांत शेजारी-शेजारी बीअर ओतून ‘हा फरक पाण्याचा, माल्टचा की यीस्टने मागे ठेवलेल्या साखरेचा’ असे स्वतःला विचारलेत, तर एका संध्याकाळी जे कळेल ते दहा सुट्या बाटल्यांनी कळणार नाही. तुम्ही तेवीस बीअर तेवीस वेगळ्या दिवशी चाखल्या असतील, तर तुलनेसाठी तुमच्याकडे आठवणीखेरीज काहीच नव्हते, आणि वासाची आठवण फार लवकर पुसट होते.

व्हीट बीअर हे दुसरे उदाहरण, आणि माझ्या दृष्टीने नवशिक्यासाठी सर्वांत बोलके. जर्मनीत या बीअरसाठी निम्मा तरी माल्ट गव्हाचा वापरतात, पण तिची ओळख गव्हापेक्षा यीस्टमुळे ठरते. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेट या एस्टरमुळे येतो, आणि लवंगेचा वास यीस्टने फेरुलिक आम्लापासून तयार केलेल्या फिनॉलमुळे. हे आम्ल धान्यातून मोकळे व्हावे म्हणून मॅश सुरुवातीला ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास थोडा वेळ थांबवतात. ते केले तर लवंग वाढते, टाळले तर केळे पुढे येते. किण्वन जितके उष्ण, तितके सामान्यतः केळे अधिक. एका मे महिन्यात आमच्याकडे रात्रीतून शीतकरण बंद पडले, सकाळपर्यंत टाकीचे तापमान चढले, आणि केळ्याच्या जोडीला नेलपॉलिशसारखा उग्र वास घेऊन ती बीअर बाहेर आली. ती सगळी ओतून द्यावी लागली, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. पण त्यानंतर कोणत्याही व्हीट बीअरचा वास घेताना ती साधारण किती अंशांवर आंबली असेल याचा अंदाज मी आपोआप बांधू लागलो. वाइहेनस्टेफान आणि श्नायडर या दोन ब्रुअरींच्या बीअर एकत्र मिळाल्या तर जरूर शेजारी ठेवा. श्नायडरची मूळ बीअर रंगाने गडद आणि लवंगेकडे झुकणारी, तर वाइहेनस्टेफानची फिकट आणि केळ्याकडे झुकणारी आहे.

इंग्लिश बिटरला तुम्ही तीन गुण दिलेत, तेव्हा ती थेट फ्रीजमधून काढून प्यायली होती का? चार अंशांवर ती पाण्यासारखी आणि नुसती कडू लागते. तिकडे पिंपातली बिटर अकरा ते तेरा अंशांवर आणि अगदी थोड्या वायूसह देतात. त्या तापमानाला बिस्किटासारखा माल्ट आणि मातकट, मोरंब्यासारखे हॉप्स मोकळे होतात. बाटली अर्धा तास आधी बाहेर काढा आणि ग्लासात थोडी फिरवून वायू कमी करा. बेल्जियमच्या बीअरविषयी फार लिहीत नाही, कारण त्या तुम्हाला आवडल्याच आहेत. एवढेच पाहा की डुबेल या गडद बीअरमधला खजूर-मनुकांचा वास बराचसा गडद साखरेच्या पाकातून आणि यीस्टमधून येतो, आणि ट्रिपल इतकी कडक असूनही जड लागत नाही याचे कारण तिच्यात घातलेली साखर जवळजवळ पूर्ण आंबते आणि अंग हलके ठेवते. पियेर सेलिस यांनी १९६६ मध्ये हूगार्डन गावात पुन्हा सुरू केलेल्या विटबीअरमध्ये, म्हणजे बेल्जियन गव्हाच्या बीअरमध्ये, धणे आणि संत्र्याची साल असते. ती चाखताना आपल्या डब्यातले धणे भरडून शेजारी ठेवावेत.

वासांची नावे आपल्याच स्वयंपाकघरातून घ्यावीत असे मी आग्रहाने सांगतो. परदेशी वर्णनांतली ब्लॅककरंटसारखी फळे आपल्यापैकी अनेकांनी हुंगलेलीही नसतात, आणि न हुंगलेल्या वासाचे नाव वहीत लिहिणे म्हणजे स्वतःची दिशाभूल आहे. उकडलेल्या मक्याच्या कणसाचे पाणी हुंगा. फिकट लागरमध्ये तसा वास आला तर वर्ट, म्हणजे माल्टचा गोड काढा, जोमाने उकळला गेला नसावा किंवा हळू गार झाला असावा. हिरव्या सफरचंदाची साल हुंगा. तो वास बहुधा बीअर यीस्टवरून लवकर काढल्याचा असतो. हिरव्या बाटलीतली लागर ग्लासात ओतून गच्चीवर उन्हात पंधरा मिनिटे ठेवा आणि सावलीतल्या ग्लासाशी ताडून पाहा. प्रकाशाने काय होते हे पुन्हा कधी विसरणार नाही. एकाच खोक्यातल्या दोन बाटल्यांपैकी एक फ्रीजमध्ये आणि एक महिनाभर माळ्यावर ठेवून दोन्ही एकत्र उघडा, म्हणजे ओला पुठ्ठा कोणता तेही कळेल.

चाखण्याच्या बैठकीचे नियम साधे आहेत, पण ते पाळल्याशिवाय उपयोग नाही. एका वेळी चारच्या वर बीअर नकोत आणि प्रत्येकीची ओत शंभर मिलिलिटरच्या आसपास असावी. सकाळी अकराच्या सुमारास, मिसळ किंवा लसणाची फोडणी पोटात जाण्यापूर्वी, अगरबत्ती न लावलेल्या खोलीत बसावे. ग्लास साबणाचा अंशही न उरेल असा धुवावा, कारण तेलकटपणा आणि साबण दोन्ही फेस मारतात. फिकटीकडून गडदेकडे, सौम्यापासून कडकाकडे जावे, आणि आंबट किंवा बामबर्गच्या राउखबीअरसारखी धुराची बीअर शेवटी ठेवावी. मध्ये साधे पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे पुरतात. घरातल्या कुणाला तरी तीन ग्लास भरायला सांगा, दोनांत एक बीअर आणि तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा ग्लास कोणता ते न पाहता ओळखा. जो फरक तुम्हाला असा ओळखता येत नाही, त्यासाठी गुण कापू नका.

गुणांसाठी दहाचा आकडा सोडून द्या. स्पर्धांचे परीक्षक प्रमाणित करणाऱ्या बीजेसीपी या संस्थेच्या पत्रकात पन्नास गुण असतात: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या पोताला ५ आणि एकूण परिणामाला १०. या वाटणीत मला सर्वांत शिकवणारी गोष्ट रूपाचे तीन गुण ही वाटते. आपण रंगाला आणि फेसाला नकळत किती भुलतो ते तिथे समजते. हे पत्रक शैलीशी प्रामाणिकपणा मोजते, म्हणून त्याच्या शेजारी मी आणखी तीन नोंदी करतो. पहिली, बाटलीचा ताजेपणा. दुसरी, माझी आवड, आणि ती मी घोटावर नव्हे तर अख्खा ग्लास संपल्यावर लिहितो. कडक आणि गोड बीअर पहिल्या घोटात नेहमी जिंकते, तर चांगल्या हेलेसची किंमत अर्धा लिटर संपवून दुसरा ग्लास मागावासा वाटतो तेव्हा कळते. तुमच्या चार-पाच गुणांचे हेही एक कारण असू शकते. तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची: ‘ही मी कशी केली असती?’ माल्ट कोणता, हॉप्स लवकर घातले की उशिरा, यीस्ट कोणत्या कुळातले, किण्वन गार की उष्ण, असा अंदाज दोन ओळींत लिहा आणि मग त्या ब्रुअरीने स्वतः दिलेल्या माहितीशी ताडून पाहा. सुरुवातीला बहुतेक अंदाज चुकतील. ते खोडू नका, कारण आपण कोणत्या दिशेने चुकतो हे त्या चुकाच सांगतात.

प्रत्यक्ष बीअर करण्याविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, आणि घरच्यापुरते थोडेसे केले म्हणून त्यातून सूट मिळत नाही. तेव्हा किण्वनाचे शिक्षण परवाना असलेल्या ठिकाणी, एखाद्या ब्रुअरच्या हाताखाली घ्यावे; हौसेने शिकू पाहणाऱ्याला सुटीच्या दिवशी टाक्या धुवायला बोलावणारे लोक या शहरात आहेत. यीस्ट न घालता मात्र घरी पुष्कळ शिकता येते. दोनशे ग्रॅम भरडलेला पिल्सनर माल्ट सहाशे मिलिलिटर पाण्यात मिसळून पासष्ट-सहासष्ट अंशांवर, पोळ्यांच्या कॅसरोलमध्ये झाकून तासभर ठेवा, गाळा आणि चाखा. दुसऱ्या दिवशी म्यूनिक माल्ट घेऊन हेच करा. तिसऱ्या दिवशी पिल्सनर माल्टमध्ये चमचाभर काळी भाजलेली बार्ली घाला. एकाच वर्टच्या दोन वाट्यांत तेच हॉप्स एकीत तासभर आणि दुसरीत पाच मिनिटे उकळून कडवटपणा आणि सुगंध कसे वेगळे होतात ते पाहा. हा काढा त्याच दिवशी संपवा किंवा टाकून द्या, कारण राहिला तर तो आपला आपण आंबू लागतो.

पहिली बीअर कोणती, हे तुम्ही शिकाल त्या परवाना असलेल्या ठिकाणी तापमान आवरण्याची सोय किती आहे यावर अवलंबून आहे. लागरला आठ ते बारा अंश आणि नंतर शून्याजवळ कित्येक आठवडे लागतात, आणि पिल्स तर एकही चूक झाकत नाही. तुम्हाला नऊ गुणांची वाटलेली ट्रिपलही सुरुवातीला नको, कारण एवढ्या साखरेला पुरेल इतके सशक्त यीस्ट सांभाळणे नवख्याला जड जाते, आणि चुकले तर चूक कुठे झाली ते मद्यार्काच्या धगीत कळत नाही. मी व्हीट बीअरपासून सुरुवात करायला सांगेन: अठरा-वीस अंश पुरतात, गढूळपणा हा दोष ठरत नाही, तीनेक आठवड्यांत ती पिण्याजोगी होते, आणि तापमानात तुम्ही केलेला प्रत्येक बदल ती वासातून सांगते.

तोवर वहीतल्या लागर ताज्या मिळवून, जोडीजोडीने पुन्हा चाखा आणि जुन्या गुणांशेजारी नवे लिहा. लँबिकचा एक गुण मात्र सध्या तसाच राहू द्या. ब्रसेल्सच्या परिसरात उघड्या, उथळ भांड्यात रात्रभर निवत ठेवलेल्या वर्टमध्ये हवेतले आणि नंतर लाकडी पिंपांतले जंतू शिरून ती बीअर आंबते, आणि एक, दोन व तीन वर्षांची लँबिक मिसळून ग्यूझ तयार करतात. तबेल्याचा, ओल्या चामड्याचा आणि कैरीच्या आंबटपणाचा हा मेळ दोष न मानता वाचायला जीभ थोडी सरावावी लागते. पुढच्या हिवाळ्यात ग्यूझची एक बाटली बारा अंशांवर उघडा, आणि गुण देण्याआधी वासाची निदान सहा नावे लिहून काढा.